शिवरामपंत परांजपे : जामिनाच्या रकमेनं बंद पाडलेला ‘काळ’

महाड : आज जगात कितीतरी देशांत आंदोलन पेटलं की सरकार आधी इंटरनेट बंद करतं. शंभर वर्षांपूर्वी इंटरनेट नव्हतं, छापखाना होता. तो गप्प कसा करायचा, हे इंग्रज सरकारला चांगलं ठाऊक होतं. त्याचा फटका आपल्या महाडच्या शिवराम महादेव परांजपे यांना बसला.

परांजपे यांचा जन्म २७ जून १८६४ चा. संस्कृत घेऊन एम.ए. झाले, पुण्यात प्राध्यापकी केली. १८९८ साली त्यांनी ‘काळ’ हे साप्ताहिक सुरू केलं. सरळ टीका केली तर राजद्रोहाचा खटला ठरलेला. म्हणून ते वरवर सरकारचं कौतुक करायचे, पण वाचणाऱ्याला टोला बरोबर कळायचा. तरुण पोरं ‘काळ’ची वाट बघत असत.

शेवटी १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच महिन्यात टिळकांनाही सहा वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगातून सुटल्यावर ‘काळ’ चालूच होता. मग १९१० चा प्रेस कायदा आला. छापखानावाल्यानं आधी जामिनाची रक्कम भरायची आणि मजकूर सरकारला खटकला की ती जप्त. त्यासाठी आधी गुन्हा शाबीत करायचीही गरज नाही. ‘काळ’कडे दहा हजार रुपये मागितले. त्या काळात एवढी रक्कम आणायची कुठून? तुरुंगानं जे जमलं नाही, ते पैशाच्या अटीनं झालं. ‘काळ’ बंद पडला. निवडक निबंधांची पुस्तकंही सरकारनं जप्त केली.

तरी माणूस गप्प बसला नाही. १९२० मध्ये त्यांनी ‘स्वराज्य’ साप्ताहिक काढलं. मुळशीच्या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा ते सत्याग्रहात उतरले आणि १९२२ मध्ये पुन्हा तुरुंगात गेले.

१९२९ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला त्यांचं निधन झालं. जप्त पुस्तकांवरची बंदी मात्र तेव्हाही कायम होती. १९३७ साली मुंबई प्रांतात लोकांनी निवडून दिलेलं मंत्रिमंडळ आलं, त्यानंतर ती उठली. आपलं लिखाण मोकळं झालेलं बघायला शिवरामपंत राहिले नव्हते.