हर्मन मलर

दवाखान्यात क्ष-किरणांनी छायाचित्र घेताना यंत्र चालविणारा मनुष्य क्षणभर आडोशाला जातो. किरणांपासून इतके सावध राहण्यास जगाला ज्यांनी शिकविले, त्यांत हर्मन मलर यांचे नाव अग्रभागी आहे.

मलर यांचा जन्म २१ डिसेंबर १८९० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. वडिलांनी त्यांना लहानपणी संग्रहालयात नेऊन प्राचीन घोड्यांच्या पायांचे अवशेष दाखविले आणि प्राण्यांची रूपे कशी पालटत गेली, हे समजावून दिले. ते त्यांच्या मनावर कोरले गेले. पुढे १९०० साली वडील वारले व घरची स्थिती ओढगस्तीची झाली. तरीही शिष्यवृत्ती मिळवून ते १९०७ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सुट्टीत कधी बँकेत निरोप्याचे, तर कधी हॉटेलात कारकुनाचे काम त्यांनी केले.

आईबापांचे गुण मुलांत उतरतात ते जनुकांमुळे. क्वचित एखाद्या जनुकात आपोआप बदल होतो व तो पुढील पिढीत उतरतो. १९२६ साली टेक्सास विद्यापीठात मलर यांनी फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माश्यांवर क्ष-किरण सोडले. घातक बदल ओळखण्यासाठी त्यांनी एक युक्ती योजली होती. विशिष्ट माद्यांशी संकर घडवून त्या माश्यांची नातवंडे ते निरनिराळ्या बाटल्यांत वाढवीत. ज्या बाटलीत एकही नर उपजला नाही, तेथे घातक बदल झाला असे ठरे. किरणांची मोठी मात्रा दिल्यावर बदलांचे प्रमाण सुमारे दीडशे पट वाढले! १९२७ साली हा शोध प्रसिद्ध झाला.

कीर्ती मिळाली; पण मलर यांना चिंता लागली. माशीत जे घडते, ते मनुष्यातही घडत नसेल काय? त्या काळी क्ष-किरण सढळ हाताने वापरीत. जोड्यांच्या दुकानांतही पायाचे माप पाहण्यासाठी तसली यंत्रे असत. थोड्याशा किरणांनी काही बिघडत नाही, अशी पुष्कळांची समजूत होती.

हिटलरच्या उदयामुळे मलर यांनी १९३३ साली जर्मनी सोडली. पुढे रशियात आनुवंशशास्त्रावरच संकट आले, तेव्हा तोही देश त्यांना सोडावा लागला. अखेर ते स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली रायचौधुरी या भारतीय संशोधकाने माश्यांना अत्यंत मंद किरण दीर्घकाळ दिले. एकूण मात्रा तीच असेल, तर ती झटपट दिली काय किंवा सावकाश दिली काय, बदल सारखेच आढळले. मात्रा कमी तर धोका कमी. परंतु अमुक मात्रेखाली धोका मुळीच नाही, असे म्हणता येत नाही, असा निष्कर्ष मलर यांनी काढला.

१९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी हिरोशिमावर अणुबाँब पडला होता. मलर यांनी आपल्या मानाचा उपयोग लोकांना सावध करण्यासाठी केला. अनावश्यक क्ष-किरण टाळा, असे ते सांगत राहिले. अनेकांचा रोष पत्करूनही ते मागे हटले नाहीत. ५ एप्रिल १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे सारेच अनुमान निर्विवाद ठरले असे नाही. अणुबाँबमधून वाचलेल्या लोकांत मात्रेच्या प्रमाणात कर्करोग वाढलेला आढळला. परंतु त्यांच्या मुलांत आनुवंशिक दोष वाढल्याचे स्पष्टपणे दिसले नाही. अगदी अल्प मात्रेमुळे झालेली हानी इतर कारणांनी होणाऱ्या रोगांच्या गर्दीत वेगळी ओळखता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत. तरीही सुरक्षिततेचे नियम करताना मात्रेच्या प्रमाणात धोका आहे, असेच धरून चालतात. रोगाचे निदान करण्यासाठी क्ष-किरण अवश्य घ्यावेत. मात्र गरजेपेक्षा अधिक घेऊ नयेत. जो धोका डोळ्यांना दिसत नाही, त्याचेही मोजमाप धीराने करावे, हा धडा मलर यांनी चिमुकल्या माश्यांकडून घेतला आणि जगाला दिला.