ब्रेकला चामडे लावणारी बर्था बेंझ

कोल्हापूर किंवा बेळगावहून मालवण किनाऱ्याकडे निघालेल्या प्रत्येक वाहनाला सह्याद्री उतरावाच लागतो. आंबोली, फोंडा, करूळ किंवा भुईबावडा, घाट कोणताही निवडला तरी समुद्राचे दर्शन होण्यापूर्वी वाहनाची परीक्षा होते ती उतारावर. सिंधुदुर्गात सुट्टीसाठी येणाऱ्या शहरी पाहुण्यांच्या मोटारींत अलीकडे एखादी परदेशी बनावटीची, टर्बो इंजिनाची ऐसपैस स्टेशन वॅगनही दिसते. अशी गाडी हाती आली की हौशी मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो तिची शक्ती आणखी वाढविण्याचा. मोठा टर्बो, मोकळा सायलेन्सर, इंजिनाच्या संगणकाची नवी जुळणी यांवर पैसा खर्च होतो. ब्रेकची आठवण होते ती बहुधा पहिला घाट उतरून आल्यावर.

हा उलटा क्रम मोटारीइतकाच जुना आहे. जगातील पहिली मोटार मानल्या जाणाऱ्या वाहनाच्या जनकानेही आयुष्यातील उमेदीची वर्षे इंजिनासाठी वेचली होती आणि ब्रेकचे काम साध्या ठोकळ्यांवर सोपविले होते. ही उणीव प्रत्यक्ष रस्त्यावर ओळखून, घरी परतण्याची वाट न पाहता ती दूर केली त्याच्या पत्नीने. तिचे नाव बर्था बेंझ.

सेसिली बर्था रिंगर हिचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील बाडेन प्रांतात, फोर्त्सहाइम या गावी झाला. वडील बांधकाम व्यवसायातील सधन गृहस्थ होते. मुलीने यंत्रतंत्रात लक्ष घालावे असा तो काळ नव्हता. मुलींच्या शिक्षणाची हद्द घर सांभाळण्यापाशी संपत असे. बर्थाला मात्र यंत्रे कशी चालतात याचे लहानपणापासून कुतूहल होते. कार्ल बेंझ या होतकरू पण खिशाने रिकाम्या अभियंत्याशी तिचा परिचय झाला, तेव्हा घोड्याविना चालणाऱ्या गाडीच्या त्याच्या कल्पनेत तिला वेडेपणा दिसला नाही.

कार्लने १८७१ साली मानहाइम येथे ऑगस्ट रिटर यांच्या भागीदारीत कारखाना काढला होता. भागीदारी लवकरच विसकटली आणि कारखाना हातचा जाण्याची वेळ आली. त्या वेळी बर्थाने लग्नात मिळावयाची रक्कम वडिलांकडून आधीच मागून घेतली आणि तिच्या बळावर रिटर यांचा हिस्सा सोडविण्यात आला. २० जुलै १८७२ रोजी दोघांचा विवाह झाला. जे धन मुलीच्या संसारासाठी राखून ठेवलेले असते, ते अशा रीतीने लेथ आणि भट्टीत गेले. पुढील काही वर्षे ओढगस्तीची होती. मुले लहान, बाजारात मंदी आणि दाराशी देणेकरी अशा स्थितीत कार्लचे प्रयोग चालू राहिले. १८७९ च्या अखेरच्या रात्री, नववर्षाचे स्वागत होत असताना, त्याचे दोन स्ट्रोकचे इंजिन अखेर सुरळीत चालले. त्या रात्री बर्था कारखान्यात त्याच्या शेजारीच होती.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ३ जुलै १८८६ रोजी ती गाडी मानहाइमच्या रस्त्यावर लोकांसमोर धावली. पेटंट कार्लच्या कंपनीच्या नावे झाले. बर्थाच्या पैशाची, तिच्या सोबतीची नोंद त्यात कोठेही नव्हती. लोकांनी गाडी पाहिली, हसले आणि पुन्हा घोड्यांकडे वळले. गाडी विकली जाईना. कार्ल स्वभावाने भिडस्त आणि अतिचोखंदळ होता. आणखी एक सुधारणा झाल्याशिवाय यंत्र कारखान्याबाहेर काढू नये, असे त्याला वाटे. कारखान्याच्या आवारात फिरणाऱ्या गाडीत कोणते दोष आहेत, हे कारखान्यातच राहून कळणार नाही, ही गोष्ट बर्थाने जाणली.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये, शाळेला सुट्टी असताना, १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड या दोन मुलांना घेऊन ती पहाटे निघाली. कार्लला तिने पूर्वकल्पना दिली नाही. मानहाइमपासून फोर्त्सहाइमचे तिचे माहेर वळणावळणाच्या वाटेने सुमारे १०४ किलोमीटर होते. मोटारीने तोवर एवढे अंतर कोणीही तोडले नव्हते. रस्ते बैलगाड्या आणि घोडागाड्यांसाठी होते. पेट्रोल पंप हा शब्दही अस्तित्वात नव्हता. गाडीचे इंजिन जेमतेम दोन-अडीच अश्वशक्तीचे आणि तिचा वेग धावणाऱ्या घोड्याहून कमीच होता.

वाटेत अडचणी आल्या आणि प्रत्येक अडचणीला तिने जवळ असलेल्या वस्तूने उत्तर दिले. इंधन संपत आले तेव्हा विस्लोख गावातील औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन हे डाग काढण्याचे द्रव्य विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे आवरण घासले गेले, तेथे मोजे बांधण्याचा पट्टा गुंडाळला. साखळी ताणली गेली, तेव्हा लोहाराची मदत घेतली. इंजिन थंड ठेवणारे पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून विहीर, ओढा, खानावळ जे भेटेल तेथे थांबून ते भरावे लागे.

या सर्व तात्पुरत्या डागडुजी होत्या. खरे दोष दोनच होते आणि ते डोंगराने दाखवून दिले. चढावर गाडीचा जोर अपुरा पडे आणि मुलांना उतरून ती ढकलावी लागे. उतारावर याच्या उलट होई. ब्रेकचे ठोकळे घासून झिजू लागले आणि गाडी आवरेनाशी झाली. तेव्हा बाउश्लोट या गावी बर्थाने मोच्याला गाठले आणि ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. चामड्यामुळे पकड वाढली. शिवाय झिजले की केवळ तेवढाच तुकडा बदलता येणार होता. आज गॅरेजमध्ये ज्याला ब्रेक लायनर म्हणतात, त्याची ही सुरुवात मानली जाते.

सायंकाळी तिघेही माहेरी सुखरूप पोहोचले आणि कार्लला तार गेली. काही दिवसांनी ती त्याच गाडीने परतली. परतल्यावर तिने सांगितलेल्या उणिवा कार्लने ऐकून घेतल्या. चढासाठी कमी वेगाचा आणखी एक गिअर बसविण्यात आला आणि ब्रेकला चामड्याचे अस्तर लागले. एका प्रवासाने वाहनाच्या शक्तीत आणि ब्रेकमध्ये एकाच वेळी सुधारणा झाली, ही यातील लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे. बर्थाने चढ आणि उतार वेगळे मानले नाहीत.

आपल्याकडील अनुभवी चालकांचा एक नियम आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. चढताना जोर देणारा खालचा गिअर उतरताना इंजिनाकरवी गाडीला धरून ठेवतो आणि ब्रेकवरील भार हलका करतो. हे का आवश्यक आहे, ते साध्या हिशेबाने कळते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. माणसे आणि सामान धरून १८०० किलो भरणारी वॅगन तेथून किनाऱ्यापर्यंत उतरते, तेव्हा केवळ उंची कमी झाल्यामुळे मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ४० लिटर पाणी ३० अंश सेल्सियसवरून उकळीपर्यंत नेण्याइतकी असते. तिचा काही भाग हवेचा विरोध, टायरचे घर्षण आणि इंजिन शोषून घेते. उरलेली सारी उष्णता ब्रेकमध्ये जमा होते. त्यात वेगाचा वाटा निराळाच. वेग दुप्पट झाला की थांबविण्याची ऊर्जा चौपट होते. इंजिनाची शक्ती वाढविणारा मालक म्हणूनच नकळत ब्रेकवरील कामही वाढवीत असतो.

मोटार बनविणाऱ्यांना हे ठाऊक आहे. ऑडीने १९९४ साली पोर्शेच्या सहकार्याने ३१५ अश्वशक्तीची आरएस-२ ही टर्बो स्टेशन वॅगन आणली, तेव्हा इंजिनाबरोबरच ब्रेकही पोर्शेच्या धर्तीचे बसविले. बाजारात सुटे भाग घेणारा हौशी माणूस मात्र हा जोड विसरतो. मोठ्या व्यासाची, हवा खेळती ठेवणारी डिस्क अधिक उष्णता सामावून घेते आणि लवकर निवते. उष्णता सोसणारे पॅड तापल्यावरही पकड सोडत नाहीत. परंतु शर्यतीसाठी बनविलेले काही पॅड थंड असताना नीट धरत नाहीत. बाजारपेठेतून सावकाश जाणाऱ्या गाडीला ते धोक्याचेच. नुसती कॅलिपरची चकाकी पाहून खरेदी करणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

कोकणात आणखी एक पथ्य आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात ब्रेक तापले की अशा ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय ब्रेकवर असूनही पेडल तळाला टेकते. मालवणसारख्या दमट, खाऱ्या हवेच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या गाडीत हे ऑइल वेळेवर बदलणे हा महागड्या सुट्या भागांपेक्षा स्वस्त आणि अधिक उपयोगाचा उपाय आहे. कायद्याचे भानही हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर निर्बंध घातले आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते अधोरेखित केले.

बर्थासमोर ना ऑइल होते ना डिस्क, पण प्रश्न हाच होता. तिच्या प्रवासाचा परिणाम लवकरच दिसला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात बेंझच्या गाडीला सुवर्णपदक मिळाले. गिऱ्हाईक हळूहळू येऊ लागले. १८९४ साली आलेली वेलो ही लहान गाडी चांगली खपली आणि १८९९ मध्ये बेंझच्या कारखान्यातून वर्षभरात ५७२ गाड्या बाहेर पडल्या. तो त्या वेळी जगातील सर्वांत मोठ्या मोटार कारखान्यांपैकी एक होता. १९०३ साली व्यवस्थापनाशी मतभेद झाल्याने कार्ल कंपनीच्या रोजच्या कारभारातून बाहेर पडला. दाम्पत्य लाडेनबुर्ग या लहानशा गावी राहावयास गेले आणि तेथे मुलांसह १९०६ मध्ये नवा कारखाना सुरू झाला. १९२६ साली जुनी बेंझ कंपनी डाइमलरमध्ये विलीन झाली आणि मर्सिडीज-बेंझ हे नाव जगभर गेले.

कार्लला कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यालयाने १९१४ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. ४ एप्रिल १९२९ रोजी त्याचे निधन झाले. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने पत्नीचे ऋण मान्य केले होते. संसाराची नाव बुडू लागली तेव्हा केवळ तीच धीराने आपल्या बाजूला उभी राहिली, असा त्याचा भाव होता. संस्थांना मात्र तिची आठवण होण्यास बराच काळ लागला. त्याच कार्ल्सरूहच्या विद्यालयाने बर्थाला मानद सिनेटर ही पदवी दिली ती ३ मे १९४४ रोजी, तिच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी. दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, लाडेनबुर्ग येथे तिने देह ठेवला. ज्या प्रवासाने मोटारीला विश्वास मिळवून दिला, त्याला तेव्हा ५६ वर्षे होत आली होती. तिच्या वाटेला तिचे नाव देऊन तो स्मृतिमार्ग अधिकृतपणे जाहीर झाला तो २००८ साली.

बर्था बेंझने मोटारीचा शोध लावला नाही. यंत्राची खरी परीक्षा चालविणाराच घेतो आणि ज्या हाताने वेग वाढवावा त्याच हाताने तो आवरण्याचीही तजवीज करावी, एवढे तिने एका दिवसात दाखवून दिले. आंबोलीच्या माथ्यावरून किनाऱ्याकडे वळणाऱ्या प्रत्येक गाडीला, मग तिच्या इंजिनात अश्वशक्ती कितीही असो, हा धडा आजही लागू आहे. अश्वशक्तीच्या बळावर घाट चढता येतो. उतरताना उपयोगी पडते ते बाउश्लोटच्या मोच्याकडून घेतलेले चामडेच.