फुरुइची कोइ

जपानमधील हिमेजी संस्थानाच्या सेवेतील एका सामुराई घराण्यात १८५४ साली फुरुइची कोइ यांचा जन्म झाला. १८७५ साली सरकारने त्यांना स्थापत्यशास्त्राच्या अध्ययनासाठी फ्रान्सला धाडले. पॅरिसच्या एकोल सॉन्त्राल विद्यालयात सारे शिक्षण परक्या भाषेत! फुरुइची रात्रंदिवस अभ्यास करीत. त्यांची प्रकृती ढासळेल या भीतीने घरमालकिणीने त्यांना विश्रांती घेण्याविषयी विनविले. तेव्हा, आपण एक दिवस विसावलो तर जपान एक दिवस मागे पडेल, असे त्यांनी नम्रपणे सांगितले, अशी आख्यायिका आहे.

पदवी घेऊन ते १८८० मध्ये स्वदेशी परतले. निइगाता प्रांतात शिनानो नदीच्या पुराने भातशेती वारंवार बुडत असे. त्या नदीला आवर घालण्याच्या कामी ते लागले. १८८६ मध्ये तोक्योच्या शाही विद्यापीठातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ते पहिले प्रमुख झाले.