ताराबाईंचे सहकारी

चार शिक्षकांनी एकत्र बसून अभ्यासक्रम आखावयाचा म्हटले की विद्वत्तेच्या आधी मानापमान उभा राहतो. ज्याची सूचना वगळली जाते तो पुढील बैठकीत मौन धरतो आणि त्याचे फळ वर्गातील मुलांना भोगावे लागते. या दृष्टीने ताराबाई मोडक यांचे चरित्र पुन्हा पाहण्याजोगे आहे.

१८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या. पुढे राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. ते सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात सहकारी म्हणून रुजू झाल्या. गिजुभाई मूळचे वकील. प्राचार्यपद भूषविलेल्या बाईंनी त्यांच्या हाताखाली नव्याने धडे गिरवावेत, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नव्हे. दोघांची श्रद्धा माँटेसरी पद्धतीवर. तरीही गोष्टी आणि नाट्य यांना तेथे मानाचे स्थान मिळाले. हे सहकार्य नऊ वर्षे टिकले.

खरी कसोटी लागली ती १९४५ मध्ये बोर्डी येथे. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, तर नव्याने आलेल्या अनुताई वाघ पस्तिशीच्या. अधिकाराचे अंतर उघड होते. वस्तीवरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने आली. दोन तपे ज्या पद्धतीचा पुरस्कार केला, तिचीच साधने बाजूला ठेवावयाची, तीही तरुण सहकारिणीच्या देखत! आपल्या तज्ज्ञ समित्यांतील किती जणांना हे साधेल, याविषयी शंकाच आहे. १९५७ पासून कोसबाडला गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळा कुरणावर नेण्यात आली, म्हणजे वेळापत्रकानेही हट्ट सोडला. यात ताराबाईंचे किती आणि अनुताईंचे किती, अशी वाटणी करू पाहणारा फसतो. त्या दोघींनीही ती कधी केली नाही, असेच त्यांच्या कामावरून दिसते.

१९७५ मध्ये केंद्र सरकारने आपल्या बालविकास योजनेसाठी अंगणवाडी हे नाव घेतले. सेविकेला मात्र तयार वेळापत्रक हाती मिळते. ते आखताना तिला शेजारी बसविण्याची रीत काही त्या नावाबरोबर आली नाही. ते पाहावयास ताराबाई नव्हत्या. १९७३ मध्येच त्यांचे निधन झाले होते. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, स्वतःच्या अखेरीपर्यंत चालविले.