प्लेगची लस शोधणारे हाफकिन

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात झाला. तेव्हा ते शहर रशियात होते, आता युक्रेन देशात आहे. हाफकिन ज्यू होते म्हणून तिकडे त्यांना मोठी नोकरी मिळेना. मग ते पॅरिसला गेले. तिथे पाश्चर यांच्या संस्थेत त्यांना आधी पुस्तके सांभाळायचे काम मिळाले. उरलेल्या वेळात ते प्रयोग करायचे. १८९२ साली त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ साली ते भारतात आले आणि फिरून फिरून हजारो लोकांना लस टोचली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. लोक त्याला गाठीचा रोग म्हणत. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, खूप ताप भरायचा आणि थोड्याच दिवसांत माणूस मरायचा. घरात उंदीर मरून पडले की लोक घर सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. गिरण्या ओस पडल्या. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे गेले. त्यांच्यामागं रोगही गावोगावी गेला. सरकारची माणसे झडती घ्यायला घरात शिरत, म्हणून लोक आजारी माणसाला लपवून ठेवत. पुढे १८९८ साली मुंबईत अरुंद गल्ल्या पाडून रुंद रस्ते करायला एक मंडळ नेमले. एका रोगाने सगळ्यांचं जगणंच बदलून टाकलं.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना लहानशी जागा दिली. रात्रंदिवस काम करून त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचली. त्यांना ताप आला, पण ते बरे झाले. मग भायखळा तुरुंगातले जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली. टोचलेल्या लोकांत प्लेग कमी झाला. तेव्हा लोक टोचून घ्यायला पुढे येऊ लागले.

पण १९०२ साली पंजाबात मलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. सगळा दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांचे काम काढून घेतले. त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट स्वच्छ केला नव्हता. मलेरियावर संशोधन करणारे रॉस हे हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही, ते कलकत्त्याला काम करू लागले.

१९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिले. ती आजही आहे. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

परक्या देशातून येऊन त्यांनी आपल्या लोकांचे प्राण वाचवले. दुसऱ्याला टोचायच्या आधी त्यांनी स्वतःला टोचलं. आणि नीट चौकशी केल्याशिवाय कुणावर दोष ठेवू नये, हा बोधही त्यांच्या चरित्रातून आपल्याला मिळतो.

– इयत्ता ४ थी