राबिया-उद-दौरानी : महाराष्ट्रात विसावलेली एक लकब

इस्लामी परंपरेत थोर स्त्रियांचे नाव सहसा लकबेसह घेतले जाते. हजरत खदिजा (रजि.) यांना इस्लामपूर्व मक्केतही ‘ताहिरा’ म्हणजे पवित्र म्हणत. हजरत आयशा (रजि.) यांना ‘सिद्दीका’, तर हजरत फातिमा (रजि.) यांना ‘जहरा’ म्हणतात. या लकबा दौलतीवरून नव्हे, गुणांवरून मिळाल्या. त्याच परंपरेतील एक लकब महाराष्ट्रातील एका कबरीशी जोडली गेली आहे.

दिलरस बानो बेगम या इराणच्या सफवी घराण्यातील शाहनवाज खान यांच्या कन्या. १६३७ मध्ये शहजादा औरंगजेब यांच्याशी त्यांचा निकाह झाला. जेबुन्निसा, जीनतुन्निसा, जुब्दतुन्निसा या तीन मुली आणि आझम, अकबर हे दोन मुलगे त्यांना झाले. अकबर यांच्या जन्मानंतर महिनाभरातच, १६५७ च्या ऑक्टोबरमध्ये, औरंगाबादेत म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात त्यांचे निधन झाले. पतीला तख्त मिळाले ते पुढच्या वर्षी. मलिकेचा मान त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

मृत्यूनंतर त्यांना ‘राबिया-उद-दौरानी’ ही लकब मिळाली. अर्थ, आपल्या काळातील राबिया. आठव्या शतकातील बसऱ्याच्या हजरत राबिया (रह.) कुणी राणी नव्हत्या. गरिबाघरचा जन्म, लहानपणीच पोरकेपण आणि पुढे गुलामी. दिवसभर मालकाचे काम करून त्या रात्रभर इबादत करत. ते पाहून मालकाने त्यांना मुक्त केले, असे सूफी चरित्रे सांगतात. जहन्नमची भीती किंवा जन्नतचा लोभ न धरता केवळ अल्लाहच्या प्रेमापोटी इबादत करावी, ही त्यांची शिकवण. शाही बेगमेचा गौरव करायला एकेकाळच्या गुलाम स्त्रीचे नाव निवडले गेले. इस्लाममध्ये मोठेपण कशावर मोजतात, ते यातून कळते.

१६६० च्या सुमारास बेगमसाहिबांचा मकबरा उभा राहिला. दरवाजावरील लेखात वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय ही दोन्ही नावे आहेत. लोकांनी मात्र लांबलचक लकब बाजूला ठेवून साध्या आदराने ‘बीबी का मकबरा’ म्हटले. यवत, दौंडकडून वेरूळच्या सहलीला जाणारी मुले हा मकबराही पाहतात. त्यांना निदान दिलरस बानो हे नाव आणि राबियांची गोष्ट सांगायला हवी.

रमजानमध्ये सहरीसाठी सर्वांआधी उठून, चूल पेटवण्यापूर्वी तहज्जुदचे दोन रकात पढणाऱ्या कितीतरी स्त्रिया घरोघरी आहेत. त्यांना कुणी लकब देत नाही. त्यांची इबादत मात्र अल्लाहपासून लपलेली नाही.