रॉबर्ट शूमान

रॉबर्ट शूमान (८ जून, १८१०, झ्विकाउ - २९ जुलै, १८५६, एंडेनिश) हे एकोणिसाव्या शतकातील जर्मन संगीतकार, संगीतसमीक्षक व संपादक होते. पियानोसाठीच्या रचना, गीते आणि चार सिंफनी यांमुळे ते आज जगभर परिचित आहेत. मात्र १८३४ ते १८४४ या दशकात जर्मन भाषक प्रदेशातील अनेक वाचकांना त्यांची ओळख झाली ती लाइपझिगच्या 'नोये त्साइटश्रिफ्ट फ्यूर म्युझीक' (संगीताचे नवे नियतकालिक) या पत्राचे संस्थापक व संपादक म्हणून. संगीतविषयक नियतकालिकाचे पान कसे मांडावे, वाचकाने ते का उघडावे आणि पुढील अंकाची वाट का पाहावी, या प्रश्नांचा त्यांच्याइतका बारकाईने विचार करणारा संपादक त्या काळी विरळा होता.

== बालपण ==

शूमान यांचा जन्म सॅक्सनीतील झ्विकाउ या गावी झाला. पाच भावंडांत ते धाकटे. वडील ऑगुस्ट शूमान हे पुस्तकविक्रेते व प्रकाशक होते. अभिजात लेखकांच्या खिशात मावणाऱ्या स्वस्त आवृत्त्या काढून त्यांनी आपला व्यवसाय उभा केला आणि बायरन व स्कॉट यांचे अनुवादही केले. घरात पुस्तकांची वाण नव्हती. सर्व देशांतील व काळांतील थोर व्यक्तींच्या चित्रांची एक माला वडील प्रसिद्ध करीत असत. तिच्यासाठी काही चरित्रात्मक मजकूर रॉबर्ट यांनी वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास लिहिला. चित्राशेजारी किती मजकूर बसतो आणि थोड्या जागेत माणूस कसा उभा करावा, याचा हा पहिला सराव म्हणता येईल. 

शाळेत असताना त्यांनी मित्रांसह एक वाङ्मयमंडळ चालविले. कादंबरीकार जाँ पॉल हे त्यांचे दैवत होते. त्याच्या कादंबऱ्यांतील परस्परविरोधी स्वभावांच्या जोड्या पुढे शूमान यांच्या लेखनात व संगीतात वेगवेगळ्या रूपांत आढळतात. १८२५ मध्ये बहीण एमिली व १८२६ मध्ये वडील निवर्तले. आईच्या आग्रहाखातर १८२८ मध्ये ते कायद्याच्या अभ्यासासाठी लाइपझिगला व पुढील वर्षी हायडेलबर्गला गेले. व्याख्यानांकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. १८३० मध्ये आईची संमती मिळवून ते लाइपझिगला परतले आणि पियानोशिक्षक फ्रीडरिश वीक यांच्याकडे शिकू लागले. उजव्या हाताच्या बोटाला झालेल्या इजेमुळे मैफलींतील वादक होण्याची त्यांची आशा लवकरच मावळली.

== पहिला लेख ==

७ डिसेंबर, १८३१ रोजी लाइपझिगच्या 'आल्गेमाइने मुझिकालिशे त्साइटुंग' या प्रतिष्ठित साप्ताहिकात शूमान यांचा पहिला महत्त्वाचा लेख आला. विषय होता वॉर्सोचा एक तरुण संगीतकार, फ्रेदेरिक शोपँ. परीक्षणाऐवजी शूमान यांनी एक छोटी कथाच लिहिली होती. मित्र स्वरलेखन घेऊन खोलीत येतो, दुसरा ते वाजवितो आणि संवादातून मत उलगडत जाते. त्याच रचनेचे एक नेहमीच्या पद्धतीचे परीक्षणही साप्ताहिकाने सोबत छापले. शूमान यांच्या नावाचे आद्याक्षरसुद्धा चुकीचे छापले गेले.

हे साप्ताहिक ब्राइटकोफ उंड हेर्टेल या संगीतप्रकाशन संस्थेचे होते आणि गॉटफ्रीड विल्हेल्म फिंक हे त्याचे संपादक होते. प्रकाशकाच्याच घरातून निघणाऱ्या पत्रात परखड परीक्षणाला फारसा वाव नसे आणि जवळजवळ प्रत्येक नव्या रचनेची सौम्य स्तुती होई. अशी स्तुती वाचकाला काहीच सांगत नाही आणि चांगल्या रचनेलाही ती मारक ठरते, असे शूमान यांचे मत बनले.

== नियतकालिकाची स्थापना ==

१८३३ च्या हिवाळ्यापासून लाइपझिगमधील 'अरबी कॉफीवृक्ष' या उपाहारगृहात शूमान व त्यांचे मित्र संध्याकाळी जमत. या बैठकींतून नव्या पत्राची कल्पना आकारास आली. शूमान, वीक, पियानोवादक लुडविग शुंके व युलियुस क्नोर हे संपादक झाले आणि ३ एप्रिल, १८३४ रोजी पहिला अंक निघाला. शीर्षकाखाली कोणाही एका व्यक्तीचे नाव नव्हते. कलावंत व कलाप्रेमी यांच्या मंडळातर्फे प्रसिद्ध, एवढाच उल्लेख होता. प्रकाशकाची मालकी नसल्याची ती घोषणाच होती आणि ती शीर्षकालगत असल्याने मजकूर वाचण्यापूर्वीच दिसे.

वर्ष संपण्यापूर्वीच हा संघ विस्कटला. क्नोर आजारी पडले, वीक दौऱ्यांत गुंतले आणि डिसेंबर १८३४ मध्ये शुंके क्षयाने वारले. ते अवघे तेवीस वर्षांचे होते. प्रकाशकाशीही मतभेद झाले. अखेर शूमान यांनी पत्राचे हक्क स्वतः विकत घेतले आणि जानेवारी १८३५ पासून ते एकटेच मालक व संपादक राहिले.

== पानाची मांडणी ==

अंक आठवड्यातून दोनदा निघे. तो मोठ्या चौकोनी आकाराच्या अवघ्या चार पानांचा असून मजकूर दोन रकान्यांत असे. त्या काळच्या संगीतपत्रांत चित्रे क्वचितच असत. मजकुरात स्वरलिपी घालायची तर तिचे स्वतंत्र खिळे जुळवावे लागत आणि ते काम वेळखाऊ व खर्चिक होते. वाचकाचे लक्ष वेधण्यासाठी संपादकाच्या हाती उरत ती केवळ अक्षरे, त्यांचा क्रम आणि पानावरील जागा. शूमान यांनी या मर्यादित साधनांचाच कसून उपयोग केला.

प्रत्येक अंकाच्या माथ्यावर, शीर्षनामाखाली, एखाद्या कवीचे किंवा लेखकाचे वचन छापले जाई. शेक्सपियर, गटे, शिलर, नोव्हालिस, जाँ पॉल असे लेखक त्यात असत. पहिल्या अंकासाठी शेक्सपियरच्या 'आठवा हेन्री' या नाटकाच्या नांदीतील ओळी निवडल्या होत्या; गोंगाट व विदूषकी ऐकायला आलेल्यांची येथे निराशा होईल, असा त्यांचा आशय आहे. नव्या पत्राच्या पहिल्याच पानावर वाचकाला असे सांगणे धाडसाचे होते. ही वचने केवळ शोभेसाठी नसत. पुष्कळदा ती अंकातील मुख्य लेखाला उद्देशून असत आणि वाचक त्यांचा संबंध शोधत अंक वाचत असे. अशी वचने शूमान वहीत उतरवून ठेवीत. हा छंद त्यांना अखेरपर्यंत होता.

त्यानंतर मुख्य लेख, मग नव्या रचनांची परीक्षणे, परगावच्या वार्ताहरांची पत्रे आणि शेवटी लहानसहान बातम्या, असा सर्वसाधारण क्रम असे. पॅरिस, व्हिएन्ना आदी शहरांतून येणाऱ्या पत्रांमुळे लहान गावातील संगीतशिक्षकालाही युरोपातील घडामोडी कळत. चार पानांत मोठा लेख मावत नसल्याने तो अंकांतून क्रमशः येई. १८३५ च्या उन्हाळ्यात बर्लिओझच्या 'सिंफनी फान्तास्तिक'वरील दीर्घ परीक्षण असेच हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाले. पहिला भाग उत्कट, जवळजवळ काव्यमय होता. पुढचे भाग रूप, स्वररचना, कल्पना व भाव अशा विभागांत सिंफनीची चिकित्सा करणारे होते. शूमान यांनी तोवर ती वाद्यवृंदाकडून ऐकलेलीही नव्हती. लिस्टने पियानोसाठी केलेल्या रूपांतरावरून त्यांनी हे सारे लिहिले.

दोन मजकूर शेजारीशेजारी ठेवून न बोलता मत मांडण्याची त्यांची हातोटीही उल्लेखनीय आहे. १८३७ मध्ये मायरबेअरची 'ले ह्युगनो' ही ऑपेरा आणि मेंडेल्सझोनची 'संत पॉल' ही धार्मिक रचना यांवर त्यांनी एकाच शीर्षकाखाली लागोपाठ लिहिले. मायरबेअरवरील टीका अतिशय कठोर आहे आणि ती सर्वस्वी न्याय्य होती असे म्हणता येत नाही. पण शेजारच्या मजकुरामुळे तिची धार दुणावते.

== दाविदाचे मंडळ ==

वाचकांचे सर्वाधिक कुतूहल जागविले ते लेखांखालील सह्यांनी. काही लेखांखाली फ्लोरेस्टान, काहींखाली ओयसेबियस, काहींखाली राऱो अशी नावे, तर काहींखाली नुसते आकडे असत. फ्लोरेस्टान उतावळा व आवेशी, ओयसेबियस मितभाषी व स्वप्नाळू, तर राऱो हे दोघांना सावरणारे वडीलधारे गुरू. पहिले दोघे शूमान यांच्याच स्वभावाचे दोन पैलू होते. हे सर्व 'दाविदाच्या मंडळा'चे सभासद मानले जात. बायबलमधील दाविदाप्रमाणे हे मंडळ फिलिस्टिनांशी, म्हणजे कलेतील जडबुद्धी लोकांशी, झुंजणारे होते. मेंडेल्सझोन व वीक यांची कन्या क्लारा यांनाही त्यात टोपणनावे मिळाली. मंडळ खरे किती आणि कल्पित किती, याचा अंदाज बांधणे हा वाचकांचा विरंगुळा बनला. एकाच रचनेवर तीन स्वभावांची तीन मते छापता येत असल्याने संपादकाला निवाडा लांबणीवरही टाकता येई, हा त्याचा व्यावहारिक फायदा होता.

हीच क्लृप्ती त्यांच्या संगीताच्या मुद्रणातही उतरली. १८३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'दाविद्सब्युंडलरटेन्झे' या पियानोरचनेच्या पहिल्या आवृत्तीवर संगीतकार म्हणून फ्लोरेस्टान व ओयसेबियस यांची नावे होती आणि आतील तुकड्यांखाली त्यांची आद्याक्षरे सहीसारखी छापली होती. पत्रातील या नावांचा वापर मात्र दशकाच्या अखेरीस ओसरत गेला.

== संगीत-पुरवण्या ==

१८३८ पासून वर्गणीदारांना दर तीन महिन्यांनी स्वरलेखनाची स्वतंत्र पुरवणी मिळू लागली. जुन्या व नव्या काळातील रचनांचा संग्रह असे तिचे नाव होते आणि १८४१ पर्यंत तिचे सोळा भाग निघाले. बाखच्या काही ऑर्गनरचना समकालीनांच्या गीतांसोबत व पियानोरचनांसोबत त्यात छापल्या गेल्या. परीक्षण वाचून रचना कशी आहे हे ताडण्याऐवजी वाचकाला ती घरच्या पियानोवर वाजवून पाहता येऊ लागली. शिवाय जुने आणि नवे एकाच वेष्टनात देण्यामागे शूमान यांची संगीताच्या इतिहासाविषयीची भूमिकाही होती.

== व्हिएन्ना व विवाह ==

क्लारा वीक व शूमान यांच्या विवाहाला फ्रीडरिश वीक यांचा कडवा विरोध होता. शूमान यांचे उत्पन्न अपुरे आहे, हा त्यांचा एक प्रमुख आक्षेप होता. त्यामुळे पत्राची वर्गणी हा केवळ व्यवसायाचा प्रश्न राहिला नाही. पत्र व्हिएन्नात नेल्यास उत्पन्न वाढेल या आशेने शूमान ऑक्टोबर १८३८ मध्ये तेथे गेले. मागे ऑस्वाल्ड लोरेन्झ यांनी संपादन सांभाळले. ऑस्ट्रियातील अभ्यवेक्षण खात्याची परवानगी काही मिळाली नाही. भाऊ एडुआर्ड अत्यवस्थ असल्याचे कळताच एप्रिल १८३९ मध्ये ते परत निघाले.

मुक्काम अगदीच वाया गेला नाही. फ्रान्झ शूबर्टचे बंधू फर्डिनांड यांच्या घरी हस्तलिखितांच्या ढिगात त्यांना शूबर्टची सी मेजरमधील थोरली सिंफनी आढळली. २१ मार्च, १८३९ रोजी मेंडेल्सझोन यांनी लाइपझिगमध्ये ती सादर केली. पुढील वर्षी शूमान यांनी तिच्यावर आपल्या पत्रात लिहिलेला लेख बीथोव्हेनच्या थडग्यावर सापडलेल्या पोलादी टाकाने लिहिल्याचे त्यांनी त्यातच नमूद केले आहे.

विवाहाचा प्रश्न न्यायालयात गेला. वीक यांनी शूमान यांच्या मद्यपानावर, मिळकतीवर आणि संपादक म्हणून त्यांच्या लायकीवरही आरोप केले. न्यायालयाने मद्यपानाचा आरोप तेवढा विचारात घेतला आणि तोही सिद्ध झाला नाही. फेब्रुवारी १८४० मध्ये येना विद्यापीठाने शूमान यांना मानद डॉक्टरेट दिली. १२ सप्टेंबर, १८४० रोजी, क्लारा यांच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लाइपझिगजवळील शोनेफेल्ड येथे विवाह झाला. त्या एका वर्षात शूमान यांनी शंभराहून अधिक गीते रचली.

== संपादनाचा त्याग ==

आठवड्यातून दोन अंक, वार्ताहरांशी पत्रव्यवहार आणि मुद्रिते तपासणे यांत त्यांचा मोठा वेळ जात असे. संगीतरचनेसाठी उसंत मिळत नसल्याची त्यांची तक्रार वाढत गेली. १८४४ मध्ये क्लारा यांच्यासोबत केलेल्या रशियाच्या दौऱ्यानंतर त्यांची प्रकृती ढासळली. त्याच वर्षी त्यांनी संपादन सोडले आणि पत्र फ्रान्झ ब्रेंडेल यांना विकून कुटुंबासह ड्रेस्डेन गाठले. ब्रेंडेल यांच्या काळात ते वाग्नर व लिस्ट यांच्या पक्षाचे मुखपत्र बनले. १८५० मध्ये त्यात वाग्नरचा ज्यूद्वेषी लेख टोपणनावाने छापला गेला. ज्या पत्रात मेंडेल्सझोनचा गौरव झाला होता, त्याच पत्रात त्याची अवहेलना झाली.

== उत्तरायुष्य ==

मुद्रित पानाविषयीची त्यांची आस्था टिकून राहिली. १८४८ च्या 'मुलांसाठी संग्रह' या पियानोपुस्तकाचे शीर्षकपृष्ठ त्यांनी लोकप्रिय चित्रकार लुडविग रिश्टर यांच्याकडून करवून घेतले. त्यातील रचनांच्या अधूनमधून छापण्यासाठी लिहिलेली संगीतविषयक वचने १८५० मध्ये त्यांच्या जुन्या पत्राची जादा पुरवणी म्हणून निघाली. १८५० पासून ते ड्युसेलडॉर्फ येथे संगीत दिग्दर्शक होते. तेथील वाद्यवृंदाशी त्यांचे संबंध बिघडत गेले. २८ ऑक्टोबर, १८५३ रोजी ते अनेक वर्षांनी जुन्या पत्रात परतले. वीस वर्षांच्या योहान्नेस ब्राम्सचे स्वागत करणारा तो लेख होता.

१८५४ मध्ये त्यांच्या समीक्षालेखनाचा संग्रह चार खंडांत प्रसिद्ध झाला. 'सिंफनी फान्तास्तिक'वरील लेखाचा पहिला, काव्यमय भाग त्यांनी त्यातून गाळला. याच संग्रहातील नाट्यविषयक टिपणांत मायरबेअरच्या 'ले प्रोफेत' या ऑपेराचे परीक्षण आहे. ऑपेराचे नाव, प्रयोगाची तारीख आणि त्यापुढे मृत्यूची खूण असलेला एक क्रूस, एवढाच त्याचा मजकूर आहे.

२७ फेब्रुवारी, १८५४ रोजी मानसिक आजाराच्या भरात शूमान यांनी ऱ्हाईन नदीत उडी घेतली. त्यांना वाचविण्यात आले आणि बॉनजवळील एंडेनिश येथील रुग्णालयात दाखल करण्यात आले. जगभरच्या साहित्यातील संगीतविषयक वचने एकत्र करून 'कवींची बाग' नावाचे पुस्तक करण्याचे काम त्यांनी त्या आधीच्या महिन्यांत हाती घेतले होते. ते अपुरे राहिले. २९ जुलै, १८५६ रोजी एंडेनिश येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेले नियतकालिक आजही जर्मनीतून प्रसिद्ध होते.